तारेतून सूर जात नाही

ऑर्केस्ट्राच्या मंचावरचा कीबोर्ड मागच्या बाजूने पाहिला, तर त्यातून निघणाऱ्या तारा दोन जातींच्या असतात. एक जाड जॅकची. ती मिक्सरकडे जाते आणि तिच्यातून आवाज जातो. दुसरी पाच पिनांच्या गोल प्लगची, हल्ली बहुधा यूएसबीची. ती शेजारच्या मॉड्यूलकडे नाहीतर लॅपटॉपकडे जाते, आणि तिच्यातून एकही सूर जात नाही. जातात ते फक्त आकडे: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. या आकड्यांच्या देवाणघेवाणीचे जे नियम १९८३ साली ठरले, त्यांना मिडी म्हणतात. स्टुडिओपासून गणपतीच्या मांडवापर्यंत हे नियम रोज वापरले जातात, पण वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते आकडे प्रत्यक्ष पाहिलेले असतात. ते वाचता यावेत म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

वादकाने काय केलं एवढंच मिडी कळवते. त्यातून काय ऐकू यावं हे ती समोरच्या यंत्रावर सोडते. या विषयातलं बाकी सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे. ऑक्टापॅडच्या एका पॅडवर काठी पडली आणि १५३, ३८, ११० असे तीन आकडे निघाले, असं समजा. समोर ड्रमचं मॉड्यूल असेल तर स्नेअर वाजेल. तबल्याचे नमुने भरलेला सँपलर असेल तर 'धा' वाजेल. दिव्यांचा कंट्रोलर असेल तर मंचावरचा लाल दिवा लागेल. आकडे तेच. भातखंड्यांच्या पद्धतीने कागदावर उतरवलेली बंदिश स्वतः गात नाही, ती कोण गातो यावर तिचा रंग ठरतो. मिडीचा व्यवहार त्याच जातीचा आहे. फक्त इथे लिहिणं आणि गाणं यांच्यात काही मिलिसेकंदांचंच अंतर असतं.

वादकाची कृती नोंदवायची आणि आवाज दुसऱ्याकडून काढून घ्यायचा, ही कल्पना मिडीहून बरीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या निघाल्या. एक भोक म्हणजे एक दाबलेली पट्टी. १९०४ साली जर्मनीच्या वेल्टे कंपनीने वादकाच्या हाताचा जोरही कागदावर पकडायला सुरुवात केली. आजच्या कोणत्याही संगीत-सॉफ्टवेअरमध्ये आडव्या रेघांनी सूर दाखवणारी जी खिडकी असते, ती या गुंडाळीचीच वंशज आहे.

विजेवर चालणारी वाद्यं आली तेव्हा भोकं आणि कागद दोन्ही मागे पडले आणि व्होल्टेज आलं. रॉबर्ट मूग यांच्या सिंथेसायझरमध्ये एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर चढत असे. भारतात हे तंत्र लवकर पोचलं: १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभा केला. पण व्होल्टेजच्या दोन अडचणी होत्या. एका तारेत एका वेळी एकच सूर मावत असे. आणि कॉर्ग, यामाहा यांच्या काही वाद्यांत व्होल्टेज आणि कंप्रता यांचं गणित मूगपेक्षा वेगळं होतं, त्यामुळे एका कंपनीची तार दुसरीला जोडली की सगळं बेसूर. १९७८ च्या प्रॉफेट-५ सारख्या वाद्यांमध्ये मायक्रोप्रोसेसर आला, तेव्हा आकड्यांत बोलणं शक्य झालं. पण मग रोलंडची आकडी भाषा वेगळी आणि ओबरहाइमची वेगळी.

त्या काळाचा एक नमुना मुंबईतच आहे. १९८२ साली चरणजीत सिंग या फिल्मी वादकाने 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. त्यात रोलंडची तीन यंत्रं होती: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ बेस आणि टीआर-८०८ रिदम. यांपैकी एकातही मिडी नव्हती, कारण मिडी अजून जन्मायची होती. शेवटच्या दोन यंत्रांवर रोलंडचं स्वतःचं सिंक सॉकेट होतं. त्यातून लय, सुरुवात आणि थांबा एवढंच जात असे. कोणता सूर वाजवायचा हे सांगायची सोय त्यात नव्हती. गंमत म्हणजे ते सॉकेटही पाच पिनांचं, दिसायला हुबेहूब मिडीसारखं. जुनं यंत्र विकत घेऊन त्यात मिडीची तार खुपसणारे आजही फसतात.

या गोंधळातून वाट काढायला पुढाकार घेतला तो रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी. १९८१ मध्ये त्यांनी अमेरिकी उत्पादकांशी बोलणी सुरू केली. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी चेट वूड यांच्यासोबत त्याच वर्षी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे एका सामाईक जोडणीचा आराखडा मांडला. यामाहा, कॉर्ग आणि कावाई याही जपानी कंपन्या चर्चेत आल्या. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचं प्रॉफेट-६०० आणि रोलंडचं ज्युपिटर-६ एका तारेने जोडलं गेलं आणि एकावर दाबलेली पट्टी दुसऱ्यावर वाजली. एकमेकांचे ग्राहक पळवणाऱ्या दोन कंपन्यांची ती वाद्यं होती. त्याच वर्षी नियमांची पहिली आवृत्ती छापली गेली. ती वापरायला कोणालाही परवाना-शुल्क द्यावं लागत नव्हतं. मिडी टिकली त्याचं अर्धं श्रेय या निर्णयाला आहे. २०१३ साली स्मिथ आणि काकेहाशी यांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं, तेव्हा नियमांची पहिली आवृत्ती तीस वर्षांनंतरही चालू होती.

उरलेलं अर्धं श्रेय काटकसरीला. सेकंदाला ३१,२५० बिट हा वेग निवडला, कारण दहा लाख हर्ट्झच्या स्वस्त घड्याळाला ३२ ने भागलं की तो सहज मिळतो. पाच पिनांपैकी वापरात आल्या तीनच, त्यातली एक नुसत्या आवरणासाठी. घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर बसवला: आतला छोटा दिवा लुकलुकतो, समोरचा प्रकाशग्राही भाग ते टिपतो आणि दोन वाद्यांमध्ये विजेचा थेट संबंध येतच नाही. म्हणून पन्नास हजारांच्या कीबोर्डला दुसऱ्याच फेजवरचा जुना मॉड्यूल जोडला, तरी मिडीच्या तारेतून गुणगुण येत नाही. नवशिक्याला हा तपशील कंटाळवाणा वाटेल. पण मंचावर 'हम' कुठून येतोय हे शोधताना कोणती तार निर्दोष मानायची हे कळणं म्हणजे अर्धा तास वाचणं.

आता भाषेकडे. मिडीत प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान असतो आणि त्याचे दोन वर्ग पडतात. १२८ आणि त्यावरचा आकडा म्हणजे आज्ञा. १२७ आणि त्याखालचा म्हणजे त्या आज्ञेचा तपशील. १४४, ६०, १०० हा संदेश घ्या. १४४ म्हणजे पहिल्या चॅनलवर सूर सुरू कर. ६० म्हणजे कीबोर्डच्या मधला पांढरी एकचा सा. १०० म्हणजे पट्टी किती जोरात खाली गेली ते. हात उचलला की १२८, ६० आणि एक तिसरा आकडा जातो. बरीच वाद्यं त्याऐवजी १४४, ६०, ० पाठवतात: शून्य जोराने दाबणं म्हणजे सोडणं, अशी सवलत नियमांतच आहे. एवढी ओळख झाली की 'सूर अडकला' या तक्रारीचा अर्थ उलगडतो. सूर सुरू झाल्याचा संदेश पोचला, सुटल्याचा वाटेत हरवला. यंत्र बिचारं आज्ञेची वाट पाहत वाजत राहतं. कीबोर्डवरचं 'पॅनिक' बटण अशा वेळी सगळे सूर बंद करण्याचा संदेश पाठवतं, त्यात जादू काही नाही.

एका तारेत चॅनल सोळा. पट्ट्यांशिवाय चाकं, पेडल, फेडर, नॉब यांच्या हालचालीही याच तारेतून जातात आणि प्रत्येकीला क्रमांक आहे: मॉड्युलेशनचं चाक १, आवाजाची पातळी ७, डावं-उजवं १०, पायाखालचं सस्टेन पेडल ६४. मूल्य ० ते १२७. याला अपवाद सूर वाकवणाऱ्या पिच-बेंडचा. त्याला दोन तपशील-आकडे दिले, म्हणून त्यात १६,३८४ पायऱ्या मिळतात. लयीसाठी वेगळा संदेश आहे. दर मात्रेला तो २४ वेळा जातो आणि त्यावर रिदम मशीन आणि सिक्वेन्सर एकत्र चालतात. शेवटी सिस्टिम एक्सक्लुझिव्ह नावाचा मोकळा कप्पा आहे. त्यात प्रत्येक कंपनी स्वतःचं खासगी काहीही भरू शकते. जुन्या यामाहा डीएक्स-७ चे आवाज आजही याच कप्प्यातून काढून जपले जातात.

वहनाच्या या नियमांवर पुढे सवयींचे थर चढले. १९९१ च्या जनरल मिडीने १२८ आवाजांना कायमचे क्रमांक दिले आणि तालवाद्यांसाठी दहावं चॅनल राखून ठेवलं. वरच्या उदाहरणात पॅडने पाठवलेला १५३ म्हणजे दहाव्या चॅनलवरचीच 'वाजव' ही आज्ञा, आणि ३८ म्हणजे स्नेअर. या १२८ मध्ये सतार १०५ वी आहे आणि शहनाई ११२ वी. तबल्याला मात्र जागा मिळाली नाही. आणखी एक पेच असा, की माहितीपुस्तिकेत मोजणी १ पासून होते आणि तारेत ० पासून. म्हणून सतार मागायची तर १०४ पाठवावं लागतं. नव्या माणसाचा यंत्रावरचा विश्वास उडतो तो अशाच एका अंकाच्या फरकाने.

जोडणीचं मूळ तत्त्व एका ओळीत बसतं: बोलणाऱ्याचं 'आउट' ऐकणाऱ्याच्या 'इन'ला. 'थ्रू' म्हणजे जे ऐकलं तेच जसंच्या तसं पुढे. पाच पिनांच्या तारेसाठी नियमांनी १५ मीटरची मर्यादा घातली आहे. यूएसबी आल्यावर हे चित्र सोपं झालं आणि फसवंही. १९९९ साली यूएसबीवरून मिडी नेण्याचे नियम ठरले. त्यामुळे ते पाळणारी वाद्यं ड्रायव्हर न टाकता संगणकाला कळतात, आणि एकाच तारेतून दोन्ही दिशांचे संदेश जातात. पण यूएसबीत एक बाजू यजमान आणि दुसरी पाहुणी असावीच लागते. दोन कीबोर्ड यूएसबीने थेट एकमेकांना जोडले तर दोन्ही पाहुणे, आणि घरात यजमानच नाही. मधे संगणक किंवा यूएसबी होस्ट लागतो. लहान यंत्रांवर पाच पिनांचं सॉकेट मावत नाही म्हणून साडेतीन मिलिमीटरचा जॅक आला. त्याच्या जोडणीचे दोन परस्परविरोधी प्रकार बाजारात फिरत होते. २०१८ मध्ये त्यांतला 'ए' प्रकार प्रमाण ठरला. २०१५ पासून ब्लूटूथवरूनही मिडी जाते. घरी सरावाला ती सोयीची आहे, मंचावर तिचा उशीर तबलजीच्या हाताला जाणवतो.

उशीर हा शब्द या क्षेत्रात सारखा कानावर पडतो, पण त्याचं खापर बहुतेक वेळा चुकीच्या डोक्यावर फुटतं. पाच पिनांच्या तारेत एक पूर्ण सूर-संदेश जायला एक मिलिसेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. दहा बोटांनी एकदम दाबलेला कॉर्ड पूर्ण संदेशांनी पाठवला तर शेवटचा सूर साडेनऊ मिलिसेकंदांनी पोचतो. लॅपटॉपच्या ऑडिओ बफरचा आकडा १०२४ वर ठेवला असेल, तर त्या एका कारणाने २३ मिलिसेकंद जातात. म्हणजे तार बदलून उपयोग नाही, बफर कमी करायचा. मिडीचा प्रवास कुठे संपतो आणि आवाजाचा कुठे सुरू होतो ही सीमारेषा डोळ्यांपुढे असली, की दोष शोधणं फार सोपं होतं.

कंट्रोलर नावाच्या यंत्रांची दुनिया याच पायावर उभी आहे. त्यांची ढोबळ घराणी पाडता येतात. पहिलं पट्ट्यांचं, सर्वांत जुनं आणि सर्वांत मोठं. मिडीचे मूळ नियमच पट्ट्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले, त्यामुळे या घराण्याला भाषा फुकटात मिळाली. दुसरं आघाताचं. रोलंडने १९८५ मध्ये पहिला ऑक्टापॅड काढला. आठ रबरी चौकोन, काठीने वाजवायचे. महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रापासून हळदीच्या बेंजो पार्टीपर्यंत हे वाद्य असं रुजलं की ढोलकी, हलगी, संबळ यांचे ठोके भरलेला ऑक्टापॅड हा इथल्या तालाचा एक स्वतंत्र प्रकारच झाला. याच घराण्याची दुसरी शाखा बोटांची: १९८८ मध्ये अकाईसाठी रॉजर लिन यांनी घडवलेल्या एमपीसी-६० च्या सोळा पॅडनी हिप-हॉपची लय घडवली. तिसरं घराणं फुंकेचं आणि तारांचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सुषिरवाद्यं आणि गिटारवरून चालणारे सिंथ. यांना मिडीशी सतत झगडावं लागलं, कारण फुंक ही दाबणं-सोडणं नसून अखंड बदलणारा दाब आहे. चौथं घराणं नॉब, फेडर आणि जाळीचं. २००१ साली आलेल्या एबलटन लाइव्हने सॉफ्टवेअरलाच मंचावर आणलं. २००९ मध्ये नोव्हेशन लाँचपॅड आणि अकाई एपीसी-४० आले आणि चौकोनांची चमकती जाळी हेच वाद्य बनलं. यांच्याकडे संदेश उलटही येतात: संगणक आकडे पाठवून कोणता दिवा कोणत्या रंगात लावायचा ते सांगतो.

पाचवं घराणं स्वतः बनवणाऱ्यांचं. एक आर्दुइनो, एक ऑप्टोकपलर, दोन-चार रेझिस्टर, पाच पिनांचं सॉकेट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हे सामान एका फेरीत गोळा होतं. ज्याने स्वतःच्या हाताने १४४, ६०, १०० पाठवून समोरचा सिंथ वाजवला, त्याला पुढे कोणतंही तयार यंत्र गूढ वाटत नाही. म्हणून हे घराणं लहान असलं तरी शिकण्याच्या दृष्टीने मला ते सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्या संगीताचा मिडीशी संबंध मात्र सरळ नाही, आणि त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. पट्टीवर मींड येत नाही ही तक्रार मिडीच्या आधीची आहे. याच कारणाने १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियम बाहेर ठेवली आणि १९७१ पर्यंत दार उघडलं नाही. बारा ठरीव सुरांच्या चौकटीला आव्हान देणारे प्रयत्नही इथलेच: सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी क्लेमंट्स यांच्यासह केलेली श्रुती हार्मोनियम, आणि आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांची बावीस श्रुतींची. मिडी या वादात आली तेव्हा तिने बारा सुरांना क्रमांक देऊन पट्टीची बाजू घेतली असं वाटतं. हिशोब केला तर चित्र थोडं बदलतं. पिच-बेंडची मर्यादा वर-खाली एकेक सप्तक ठेवली, तरी एक पायरी अर्ध्या सुराच्या सहाशेव्या भागाहून लहान पडते. श्रुती पकडायला ही बारकाई पुरून उरते. अडचण वेगळीच आहे: पिच-बेंड अख्ख्या चॅनलला लागतो. एका सुरावर मींड घेतली की त्याच चॅनलवरचा धरून ठेवलेला षड्जही तिच्यासोबत घसरतो.

यावर पहिला तोडगा वादकांनी जुगाडातून काढला: प्रत्येक सुराला वेगळं चॅनल द्यायचं. २०१८ साली एमपीई या नावाने त्याला अधिकृत रूप मिळालं. हाकेन कंटिन्यूअम, रोली सीबोर्ड, लिनस्ट्रुमेंट ही वाद्यं या वाटेने गेली. त्यांच्या पृष्ठभागावर बोट सरकवता येतं, दाबता येतं, हलवता येतं आणि प्रत्येक बोटाची नोंद स्वतंत्र राहते. कंट्रोलरांचं हे सहावं घराणं म्हणावं लागेल, आणि आपल्या गायकी अंगाला सर्वांत जवळचं तेच आहे. दुसरा तोडगा मुळातून आला. २०२० साली मिडी २.० मंजूर झाली. पट्टीच्या जोरासाठी १२७ ऐवजी ६५ हजारांहून अधिक पायऱ्या, प्रत्येक सुराला स्वतःचा पिच-बेंड, आणि जोडलेल्या दोन यंत्रांनी एकमेकांना 'तुला काय काय येतं?' असं विचारण्याची सोय. समोरचं यंत्र जुनं असेल तर नवं यंत्र निमूटपणे १९८३ च्या भाषेत बोलतं. नव्या भाषेतली वाद्यं अजून थोडी आहेत, म्हणून जुनी शिकणं वाया जाणार नाही. नवी तिच्याच पोटातून आली आहे.

हे सगळं आत्ताच का शिकायचं? एक कारण रोजच्या व्यवहाराचं. पूर्वी स्टुडिओत तंत्रज्ञ वेगळा आणि वादक वेगळा असे. आज पंचवीस पट्ट्यांचा छोटा कंट्रोलर, फोन आणि हेडफोन एवढ्यावर तालुक्याच्या गावी गाणं तयार होतं, आणि अडलं तर विचारायला शेजारी कोणी नसतं. एखादं उदाहरण घ्या. गायिका म्हणते काळी एक, वादक ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि पांढरी एकवरूनच वाजवतो. काही कीबोर्ड अशा वेळी मिडीतून ६१ पाठवतात, काही ६०. लॅपटॉपमधले व्हायोलिन अर्ध्या सुराने खाली वाजू लागले, तर यामागचं कारण ज्याला दिसतं तो दोन मिनिटांत गाणं सुरू करतो. ज्याला दिसत नाही तो तार बदलतो, मग सॉफ्टवेअर पुन्हा टाकतो, मग कीबोर्ड दुरुस्तीला नेतो.

दुसरं कारण दूरचं आहे, पण मला ते अधिक गंभीर वाटतं. संगीत रचणारी संगणक-प्रतिमानं घडवायला वादनाच्या नोंदी लागतात, आणि त्या बऱ्याचदा मिडीत असतात. २०१८ साली गूगलच्या मॅजेंटा गटाने जाहीर केलेल्या मायस्ट्रो या संग्रहात सुमारे दोनशे तासांचं पियानोवादन मिडी आणि ध्वनी अशा जोडीने आहे. पियानोची पट्टी दाबली की सूर ठरलेल्या जागी लागतो, त्यामुळे त्याचं वादन आकड्यांत जवळपास पूर्ण मावतं. ख्यालातली आलापी किंवा लावणीतली लचक तशी मावत नाही. यंत्रं ज्या नोंदींवर शिकतात त्यांत जे मावलं नाही, ते त्यांच्या दृष्टीने संगीतात नसतंच. आपल्या वादनाची नोंद कशी करावी, कोणत्या संदेशांनी, किती बारकाईने, हे आपल्याकडच्या वादकांनी आणि अभियंत्यांनी ठरवलं नाही, तर ते दुसरं कोणीतरी आपल्यासाठी ठरवून टाकेल. त्या चर्चेत भाग घ्यायचा तर आधी भाषा आली पाहिजे.

या पुस्तकाचा हेतू त्या भाषेपुरता मर्यादित आहे. अमुक कीबोर्ड घ्या, तमुक सॉफ्टवेअर वापरा, असं इथे सांगितलेलं नाही; मॉडेलं दोन वर्षांत बदलतात आणि खिडक्यांची रचना त्याहून लवकर. चार दशकं न बदललेल्या गोष्टीवर भर दिला आहे. प्रत्येक प्रश्नाकडे एकाच क्रमाने पाहायची सवय लागावी असा प्रयत्न आहे: कोण बोललं, कोणत्या चॅनलवर, काय बोललं, ते कोणापर्यंत पोचलं, आणि ऐकणाऱ्याने त्याचा काय अर्थ लावला. या पाच प्रश्नांत बहुतेक बिघाड सापडतात. म्हणून मिडी मॉनिटर नावाचं साधं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सुरुवातीपासून वाचकाच्या हाती दिलं आहे. ते पडद्यावर आलेला प्रत्येक संदेश दाखवतं. पुस्तक वाचताना ते उघडं ठेवावं. एक पट्टी दाबावी, आकडे पाहावेत, मग पुढची ओळ वाचावी.

वाचक कोण, हाही प्रश्न लिहिताना सतत समोर होता. हार्मोनियमवरून कीबोर्डकडे आलेला साथीदार, ऑक्टापॅडवर हात बसलेला पण मागची सॉकेटं कधी न वापरलेला वादक, अभियांत्रिकीचा विद्यार्थी, शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई, परदेशातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचा ध्वनी सांभाळणारा हौशी माणूस. यांतल्या कोणाला द्विमान अंक येतात, कोणाला राग येतात, क्वचित दोन्ही. म्हणून गणित जिथे लागलं तिथे पायरीपायरीने केलं आहे, आणि संगीताचे शब्द आपल्याकडचे ठेवले आहेत. चॅनल, पॅड, पेडल, बफर यांना बळेच मराठी पोशाख चढवलेला नाही. तालमीत आणि स्टुडिओत जे शब्द तोंडी आहेत तेच इथे छापले आहेत.

पुस्तक कितपत जमलं हे पाहायची एक साधी कसोटी आहे. जवळजवळ प्रत्येक मिडी वाद्याच्या माहितीपुस्तिकेत, अगदी शेवटच्या पानांवर, मिडी इम्प्लिमेंटेशन चार्ट नावाचा तक्ता असतो. एका रकान्यात ते वाद्य कोणते संदेश पाठवतं, दुसऱ्यात कोणते ओळखतं. येत असेल तिथे गोल, नसेल तिथे फुली. हा तक्ता सहसा कोणी उघडत नाही. हे पुस्तक संपल्यावर आपल्या स्वतःच्या कीबोर्डचा तो तक्ता वाचून पाहा. त्यावरून दुकानात जाण्याआधीच दोन वाद्यं एकमेकांशी बोलतील की नाही हे तुम्हाला सांगता आलं, तर या पुस्तकाचं काम झालं, आणि पुढच्या यंत्रासाठी तुम्हाला त्याची गरज पडणार नाही.